इंटेल बुडणार काय ओ? दुकानात रोज विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या टिळकवाडीत आमचं कॉम्प्युटर विक्री-दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. गेली दीड-दोन वर्षं लॅपटॉप बघायला आलेलं गिऱ्हाईक किंमत विचारायच्या आधी इंटेलची, म्हणजे कॉम्प्युटरची मुख्य चिप (प्रोसेसर) करणाऱ्या अमेरिकी कंपनीची, तब्येत विचारतं. कुणी मोबाईलवर व्हिडिओ बघून आलेला असतो, कुणाचा भाचा बेंगळुरात नोकरीला असतो. काउंटरवर उभं राहून दिवसातून दहा वेळा तेच सांगायचा कंटाळा आला, म्हणून लिहून काढलं.

मी सीए नाही आणि शेअरबाजारातलाही नाही. आमचे वडील उद्यमबागेत एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून भाग ओतणाऱ्या कारखान्यात, मोल्डर (साचे करणारे) होते. इंटेलचं दुखणं मला त्यांच्या शब्दांतच नीट कळलं, तेव्हा उत्तरांत कास्टिंग (ओतीव माल) आणि रिजेक्शन (खराब निघालेला माल) जरा जास्त येईल.

इंटेल बुडाली म्हणे, खरं काय ओ?

नाही. पण आजारपण मोठं होतं. २०२१ साली कंपनीची विक्री ७९ अब्ज डॉलर होती, २०२४ ला ती ५३.१ अब्जांवर आली. त्या एका वर्षात तोटा १८.८ अब्ज डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर हे जवळपास १ लाख ६० हजार कोटी होतात. त्याआधी पूर्ण वर्षाचा तोटा झाला होता तो १९८६ ला.

एवढा तोटा झाल्यावर कंपनी उभी कशी?

यात वहीतला तोटा आणि खिशातला तोटा वेगळे करून बघायला लागतं. २०२४ च्या एकाच तिमाहीत, जुलै ते सप्टेंबर, १६.६ अब्ज डॉलरचा तोटा दाखवला. त्यातला मोठा भाग रोख गेलेला नव्हता. जुन्या यंत्रांची पुस्तकातली किंमत खाली आणली, विकत घेतलेल्या कंपन्यांचं फुगवलेलं मोल उतरवलं, पुढे नफा होईल तेव्हा वापरू म्हणून धरून ठेवलेल्या करसवलती बाजूला काढल्या. पन्नास लाखांना घेतलेलं मशीन आता पंधरालाच जाईल असं मालकानं एकदाचं मान्य करावं, तसं.

पण खिसाही फाटलेला होता, ते लपवून चालणार नाही. कारखाने बांधायला वर्षाला २० अब्ज डॉलरच्या वर जात होते, डोक्यावर सुमारे ५० अब्जांचं कर्ज होतं, आणि १९९२ पासून सलग दिलेला लाभांश २०२४ च्या शेवटच्या तिमाहीपासून थांबवावा लागला. ही बातमी १ ऑगस्ट २०२४ ला आली, सोबत सुमारे १५ हजार माणसं कमी करण्याची घोषणा. दुसऱ्या दिवशी शेअर २६ टक्क्यांनी आपटला. नोव्हेंबरात अमेरिकी शेअरबाजाराच्या डाऊ जोन्स निर्देशांकातून इंटेलला काढलं आणि तिच्या जागी एआयच्या चिपा करणारी एनव्हिडिया आली. १९९९ पासूनची जागा होती ती.

नेमकं चुकलं कुठं?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी स्टूल देतो, कारण उत्तर लांब आहे.

उद्यमबागेत किंवा मच्छेला दोन तऱ्हेचे कारखाने दिसतात. एक, ज्याचा स्वतःचा पंप किंवा व्हॉल्व्ह आहे आणि त्याचं कास्टिंगही तो स्वतःच्याच भट्टीत काढतो. दुसरा, ज्याचं स्वतःचं काहीच नाही. तुम्ही पॅटर्न (साच्याचा नमुना) आणून द्या, तो माल ओतून देतो, किलोवर पैसे घेतो. याला आपण जॉबवर्क म्हणतो. इंटेल पहिल्या तऱ्हेची. चिपचा आराखडा तिचा, कारखाना तिचा, शिक्काही तिचा. तैवानची टीएसएमसी दुसऱ्या तऱ्हेची, १९८७ पासून फक्त जॉबवर्क. आणि गंमत म्हणजे चिपच्या धंद्यातही अशा कारखान्याला फौंड्रीच म्हणतात.

स्वतःची भट्टी असण्याचा फायदा मोठा असतो. आराखडा करणारा आणि ओतणारा एकाच छपराखाली, अडचण आली की चहा पिता पिता सुटते. तीस-चाळीस वर्षं इंटेल याच जोरावर जगाच्या पुढे राहिली. पण भट्टीच बिघडली तर? जॉबवर्क देणारा दुसऱ्या फौंड्रीत जातो. स्वतःच्या भट्टीला बांधलेला मालक कुठं जाणार?

चिपवरचं काम किती बारीक ते नॅनोमीटरमध्ये सांगतात, आकडा लहान तितकं काम बारीक. इंटेलची भट्टी १० नॅनोमीटरवर बिघडली. हा माल २०१६ च्या सुमाराला यायचा होता. रिजेक्शन इतकं की मोठ्या प्रमाणात यायला २०१९ उजाडलं. एकाच वेळी फार गोष्टी बदलायला घेतल्या होत्या, शिवाय बारीक रेषा कोरायची नवी ईयूव्ही यंत्रं न वापरता जुन्याच यंत्रावर एकच थर पुन्हापुन्हा कोरून काम भागवायचं ठरवलं होतं. याच ईयूव्हीच्या संशोधनासाठी इंटेलनं २०१२ मध्ये डच कंपनी एएसएमएलमध्ये पैसा घातलेला. यंत्रं तयार झाल्यावर मात्र टीएसएमसीनं ती २०१९ पासूनच चालवली आणि इंटेल मागं राहिली. लग्नाचा मोठा खर्च एकाचा, पंगतीला पहिला बसला दुसराच.

तोवर आम्ही दुकानदार काय विकत होतो बघा. डेस्कटॉपमध्ये सहाव्या पिढीपासून अकराव्या पिढीपर्यंत, म्हणजे २०१५ ते २०२१, सगळं १४ नॅनोमीटरचंच. डब्यावरचा आकडा दरवर्षी बदलत होता, भट्टी तीच.

फौंड्रीतलं एक सुख मात्र चिपवाल्यांना नाही. आपल्याकडे ब्लो होल (हवेचं भोक) पडलेलं कास्टिंग परत भट्टीत टाकता येतं. सिलिकॉनच्या चकतीवर जवळपास तीन महिने शेकडो टप्प्यांतून काम होतं आणि शेवटी खराब निघालं तर ते गेलं. म्हणून रिजेक्शनचे चार-पाच टक्के इकडेतिकडे झाले की नफा-तोट्याची बाजूच बदलते.

मोबाईलचं काय? त्यात इंटेल का नाही?

आयफोनची चिप करायचं काम इंटेलकडे विचारणेला आलं होतं. तेव्हाचे प्रमुख पॉल ओटेलिनी यांना त्या भावात परवडेल असं वाटलं नाही, आणि ही चूक त्यांनी २०१३ ला निवृत्त होताना मोकळेपणानं कबूल केली. २००६ मध्ये तर कंपनीनं मोबाईलसाठीच्या चिपांचा एक्सस्केल विभाग मार्व्हेल या दुसऱ्या चिप कंपनीला विकूनही टाकला होता. आयफोन आला २००७ ला.

याचा खरा मार पुढं बसला. मोबाईलच्या चिपांचा डोंगरभर माल टीएसएमसीच्या भट्टीतून गेला आणि तिचा हात बसला. रोज शंभर हीट (भट्टीचे घाणे) काढणाऱ्याचा हात आणि रोज दहा काढणाऱ्याचा हात सारखा कसा असेल? नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलनं मॅकमधूनही इंटेलला काढायला सुरुवात केली आणि स्वतःची एम१ चिप लावली. ओतली कुणी? टीएसएमसीनंच.

एएमडी खरंच इंटेलच्या पुढे गेली?

एएमडी ही इंटेलसारख्याच चिपा विकणारी प्रतिस्पर्धी कंपनी. काही ठिकाणी गेली, सगळीकडे नाही. विकल्या जाणाऱ्या पीसी-लॅपटॉपांत अजून इंटेलचाच माल जास्त असतो. पण सर्व्हरमध्ये, आणि स्वतः सुटे भाग घेऊन मशीन जोडणाऱ्या पोरांमध्ये, एएमडीनं चांगलंच मैदान मारलंय.

मला एएमडीची गोष्ट वेगळ्याच कारणासाठी सांगावीशी वाटते. २०१५ मध्ये तिचा शेअर २ डॉलरच्याही खाली होता. त्याआधी तिनं ऑस्टिनमधली स्वतःची जागा विकून तीच भाड्यानं घेतली होती, घर विकून त्याच घरात भाडेकरू राहावं तशी. पण २००९ मध्येच तिनं आपल्या भट्ट्या वेगळ्या काढून दिल्या होत्या, त्यांची ग्लोबलफौंड्रीज झाली. डोक्यावर कारखान्याचं ओझं नव्हतं. लिसा सू यांनी २०१४ मध्ये सूत्रं घेतली, २०१७ ला रायझन ही नवी चिप आली, पुढं टीएसएमसीच्या भट्टीचा फायदा मिळाला. इंटेलची गाडी १० नॅनोमीटरच्या चिखलात रुतलेली तेव्हाच हे घडलं.

तेव्हा ज्या कंपनीला लोकांनी तिरडीवर बांधलं होतं ती आज धावतेय. इंटेलबद्दल घाईनं बोलणाऱ्यांना मी एवढंच आठवण करून देतो.

आणि एनव्हिडिया?

तिच्याशी तुलनाच जरा चुकीची आहे. एआयचं काम ज्या चिपांवर चालतं त्या बाजारात इंटेल नावालाच आहे. गौडी नावाची चिप काढली, २०२४ साठी ५० कोटी डॉलर विक्रीचं साधं लक्ष्य ठेवलं, तेही गाठलं नाही. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियानंच इंटेलचे ५ अब्ज डॉलरचे शेअर घ्यायचं जाहीर केलं आणि दोघांनी मिळून चिप काढायचं ठरलं. मात्र एनव्हिडियानं आपला माल इंटेलच्या भट्टीत ओतायचं वचन त्यात दिलेलं नाही. बातमी वाचताना बरेच जण हे वाक्य गाळतात.

इतकी वर्षं कमावलेला पैसा गेला कुठं?

इथं मला खरंच राग येतो. १९९० पासून इंटेलनं स्वतःचेच शेअर बाजारातून परत विकत घेण्यावर १५२ अब्ज डॉलर घातले. भट्टी दुरुस्त करायची तेव्हा हा पैसा शेअरचा भाव टिकवायला गेला. कुणी म्हणेल, त्या काळात कंपनीजवळ पैसा उतू जात होता आणि भागधारकांना परत देणं गैर नाही. ठीक. पण छप्पर गळत असताना दारावर तोरण बांधणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते मी इथं लिहीत नाही.

अमेरिकेत ती सरकारी कंपनी झाली काय?

सरकारी नाही, सरकार भागीदार झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारनं ८.९ अब्ज डॉलरला जवळपास १० टक्के हिस्सा घेतला, शेअरमागे २०.४७ डॉलरनं. नवा पैसा फारसा नाही. कारखान्यांसाठी आधीच मंजूर झालेलं पण हातात न पडलेलं अनुदान होतं, त्याचं भागभांडवल केलं. त्याच महिन्यात जपानच्या सॉफ्टबँकेनंही २ अब्ज घालायचं कबूल केलं.

यामागची घटना वाचण्यासारखी आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी इंटेलचे नवे प्रमुख लिप-बू टॅन यांच्या चीनमधल्या गुंतवणुकींवर बोट ठेवून राजीनामा मागितला होता. टॅन जाऊन भेटले. दोन-अडीच आठवड्यांत सरकार भागीदार!

सरकार बुडू देणार नाही, असा याचा अर्थ लोक लावतात. प्रगत चिपा घरच्या मातीत ओतणारी अमेरिकेची स्वतःची अशी ही एकच मोठी कंपनी उरली आहे, म्हणून तो अर्थ बराचसा बरोबर आहे. पण कंपनी तगणं आणि भागधारकाचा पैसा तगणं या दोन वेगळ्या गोष्टी. आपल्या भागात साखर कारखान्याचं धुराडं चालू असतं आणि उसाचं बिल थकलेलं असतं, हे कुणाला नवीन सांगायला नको.

आधीच्या साहेबांना का घालवलं?

पॅट गेल्सिंगर २०२१ मध्ये आले. माणूस चिपचे आराखडे करणारा, तरुणपणी इंटेलमध्येच घडलेला. त्यांनी ठरवलं की चार वर्षांत भट्टीच्या पाच पिढ्या पार करायच्या आणि इतरांचं जॉबवर्कही घ्यायचं. दिशा बरोबर होती असं माझं मत आहे. पण ओहायो, जर्मनी, पोलंड असे कारखाने जाहीर करत सुटले आणि ऑर्डर हातात नव्हत्या. फौंड्री विभागाचा तोटा २०२३ मध्ये ७ अब्ज होता, २०२४ मध्ये १३ अब्जांच्या वर गेला. डिसेंबर २०२४ मध्ये संचालक मंडळाचा धीर सुटला.

मार्च २०२५ पासून लिप-बू टॅन आहेत. मलेशियात जन्मलेले, चिपचे आराखडे करायचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या केडन्सचे पूर्वीचे प्रमुख. त्यांनी कात्री काढली. जर्मनी आणि पोलंड रद्द, ओहायो या दशकाच्या शेवटापर्यंत लांबलं, मुख्य कंपनीतली माणसं ७५ हजारांवर आणायचं लक्ष्य. अल्टेरा कंपनी २०१५ मध्ये १६.७ अब्जांना घेतली होती. तिचा ५१ टक्के हिस्सा विकताना अख्ख्या कंपनीचं मोल धरलं ८.७५ अब्ज. बाजारात घाईनं घेतलेल्या बैलासारखं झालं.

१८ए, १८ए म्हणतात ते काय?

इंटेलची नवी भट्टी, म्हणजे चिप बनवायच्या पद्धतीची नवी पिढी. यात दोन नव्या गोष्टी आहेत. चिपमधला बारीक स्विच म्हणजे ट्रान्झिस्टर, त्यातल्या वीज जाणाऱ्या वाटेला चारही बाजूंनी गेटचा (चालू-बंद करणाऱ्या भागाचा) वेढा, आणि विजेच्या तारा चिपच्या पाठीमागून. आतापर्यंत वीज आणि निरोप एकाच बाजूनं जायचे, खडेबाजारात शनिवारी हातगाड्या आणि रिक्षा एकाच रस्त्यानं जातात तसे. आता विजेला मागचा बोळ दिला. मागून वीज द्यायची ही सोय इंटेलनं टीएसएमसीच्या आधी कारखान्यातून बाहेर काढली, हे मान्य करायलाच हवं. ॲरिझोनातल्या कारखान्यात ओतलेली पँथर लेक ही चिप जानेवारी २०२६ पासून लॅपटॉपांत येऊ लागली.

म्हणजे भट्टी पेटली. आता दोन प्रश्न उरतात. रिजेक्शन किती, आणि बाहेरचं गिऱ्हाईक कोण? जानेवारी २०२६ मध्ये निकाल लागले तेव्हा मालाला मागणी होती पण पुरेसा माल निघत नव्हता, आणि शेअर एका दिवसात १७ टक्के पडला. गिऱ्हाइकांचं म्हणाल तर मायक्रोसॉफ्टचं नाव २०२४ मध्येच जाहीर झालं होतं, पण टीएसएमसीच्या दारात असते तशी रांग तेव्हा नव्हती. पुढच्या १४ए या पिढीसाठी मोठं गिऱ्हाईक मिळालं नाही तर ते काम थांबवावं लागेल, असं कंपनीनंच जुलै २०२५ मध्ये लेखी कळवलं होतं.

वडील सांगायचे, जॉबवर्क देणारा आधी शंभर नगांची ट्रायल देतो, ती वेळेवर आणि बिनतक्रार गेली तरच हजाराची ऑर्डर. त्यातून आपला पॅटर्न अशा माणसाकडे द्यायचा, जो बाजारात आपल्याच समोर दुकान लावून बसलाय? एएमडी किंवा मोबाईलच्या चिपा करणाऱ्या क्वालकॉमला हीच शंका असणार. याच गावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनाही लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या गळी उतरवायला वर्षं लागली होती, आणि त्यांची स्पर्धा तर नुसत्या लाकडाशी होती.

मग आत्ता इंटेलचा लॅपटॉप घ्यावा की नको?

बिनधास्त घ्या. वॉरंटी, ड्रायव्हर, सुटे भाग यांपैकी काहीही उद्या बंद पडणार नाही. तुमच्या बजेटात एएमडीचा बरा मिळाला तर तो घ्या, त्यातही वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. आणखी एक मजा सांगतो. २०२४ मध्ये आलेल्या लूनर लेक लॅपटॉपांची मुख्य चिप इंटेलनं स्वतः ओतलेलीच नाही, टीएसएमसीकडून ओतून घेतली. शिक्का इंटेलचा, भट्टी तैवानची.

रॅम (मेमरी) महाग झाली म्हणूनही लोक इंटेलला बोल लावतात, पण ती इंटेलमुळं नव्हे. मेमरी करणारे एआयच्या सर्व्हरकडे माल वळवताहेत.

तेराव्या-चौदाव्या पिढीत काहीतरी खोट होती ना?

होती. डेस्कटॉपच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या वरच्या दर्जाच्या चिपा जास्त व्होल्टेज मागत होत्या आणि हळूहळू खराब होत होत्या. गेम मध्येच बंद पडणं, निळा स्क्रीन येणं ही लक्षणं. ऑगस्ट २०२४ पासून बायोसमार्फत (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमार्फत) दुरुस्ती आली आणि डबाबंद घेतलेल्या त्या चिपांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षांची केली. बायोस अपडेट केला नसेल तर आजच करा. आधीच झालेलं नुकसान त्यानं भरून निघत नाही, त्यासाठी वॉरंटीतच जावं लागतं. लॅपटॉपवाल्यांनी घाबरायचं कारण नाही, हा घोळ डेस्कटॉपचा.

इंटेलचे शेअर घेऊ काय?

निपाणीचे एक काका तंबाखूचे पैसे आले की दरवर्षी असं काहीतरी विचारतात. सल्ला देणं माझं काम नाही, माहिती देतो. हा शेअर आपल्या बाजारात नाही, अमेरिकेच्या नॅसडॅक शेअरबाजारावर आहे. बाहेर पैसे पाठवायची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर. वर्षात १० लाख रुपयांच्या वर रक्कम गुंतवणुकीसाठी गेली की २० टक्के टीसीएस (बँकेनं आधीच घेतलेला कर) कापला जातो, तो नंतर करात वळता होतो. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात एक शेअर असला तरी दाखवायला लागतो, आणि बरेच जण नेमकं तेच विसरतात. लाभांश सध्या शून्य.

२०२५ च्या तिसऱ्या तिमाहीत ४.१ अब्ज नफा दिसला म्हणून कुणी हुरळून सांगितलं, तर त्यात अल्टेराचा हिस्सा विकण्यासारख्या एकदाच येणाऱ्या रकमा किती, ते विचारा. शेत विकून आलेला पैसा पिकाच्या खात्यात धरत नाहीत.

मुलगी गोगटे इंजिनिअरिंग कॉलेजला इलेक्ट्रॉनिक्सला आहे. चिपच्या लाइनला घालू की नको?

घाला. इंटेलनं माणसं काढली म्हणून चिपचं काम कमी झालेलं नाही. बेंगळुरात इंटेल, एएमडी, एनव्हिडिया, क्वालकॉम सगळ्यांची आराखड्याची मोठी केंद्रं आहेत, आणि एकानं सोडलेला अनुभवी माणूस दुसरा उचलतो. नव्या पोरांना मात्र रांग लांब आहे. व्हेरिफिकेशन, म्हणजे आराखड्यातल्या चुका तपासायचं कंटाळवाणं वाटणारं काम, शिकून घे म्हणावं, माणसं तिथंच जास्त लागतात.

आपल्याकडे असला कारखाना येईल काय?

बेळगावात? नाही ओ. गुजरातेत धोलेऱ्याला टाटांचा होतोय, तैवानच्या पीएसएमसी या चिप कंपनीच्या मदतीनं, ९१ हजार कोटींचा. तिथं २८ नॅनोमीटर आणि त्याहून जाड, म्हणजे गाड्या आणि घरगुती यंत्रांत लागणाऱ्या चिपा निघणार. डिसेंबर २०२५ मध्ये टाटा आणि इंटेलमध्येही एक सामंजस्य करार झाला. त्यातून प्रत्यक्ष काय ओतलं जातंय ते बघून बोलू.

माझ्याकडे इंटेलच्या कोअर टू ड्युओ चिपचा जुना कॉम्प्युटर आहे. घ्याल?

नाही. २००६ च्या घरातला माल, विंडोज ११ ला आठवी पिढी तरी लागते. चालू स्थितीत असेल तर लिनक्स फुकट टाकून देतो, गल्लीतल्या मंडळाला वर्गणीच्या पावत्या छापायला देऊन टाका. बंद असेल तर रॅम आणि हार्ड डिस्क काढून घेऊन या, बाकीचं भंगारात. हार्ड डिस्कवरचे फोटो आधी बघून घ्या, मागून येऊन माझ्याशी भांडू नका.